रामगढचे इमामसाहेब आणि कॅम्प चारचा प्रेक्षक

मारधाडपटातील गौण पात्रांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कादंबरीच्या संदर्भात केलेली 'सपाट' आणि 'गोल' पात्रांची विभागणी चित्रपटाला लावली, की अशी पात्रे एका वाक्यात निकालात निघतात. 'शोले'तील (१९७५) इमामसाहेबांच्या बाबतीत मात्र ही सोय पुरत नाही. अंध, वृद्ध, वृत्तीत कोणतेही परिवर्तन नसलेले हे पात्र फॉर्स्टर यांच्या अर्थाने सपाटच आहे. तरीही पन्नास वर्षांत ते प्रेक्षकांच्या मनातून उतरलेले नाही.

या पात्राच्या मागे एक स्थलांतराचा इतिहास उभा आहे. निर्माते जी. पी. सिप्पी फाळणीनंतर सिंधमधून मुंबईत आलेले. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि 'सांभा' झालेले मॅकमोहन यांचा जन्म कराचीचा. इमामसाहेबांची भूमिका करणारे ए. के. हंगल सियालकोटचे. व्यवसायाने शिंपी, विचाराने साम्यवादी. कराचीत तुरुंगवास भोगून ते १९४९ मध्ये मुंबईस आले. महायुद्धकाळातील कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना बरॅकींतून वसवले गेले, तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले तेही १९४९ मध्येच. अर्थात, चरित्रावरून अर्थ काढण्याचा मोह आवरलेला बरा. पटकथा सलीम-जावेद यांची आहे आणि त्या दोघांचा या स्थलांतराशी संबंध नाही. संबंध असेल तर तो ग्रहणाच्या बाजूने शोधावा लागेल.

प्रथम प्रसंगाची रचना पाहू. १९७५ च्या प्रदर्शित आवृत्तीत अहमदची हत्या पडद्यावर घडत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, एवढेच दिसते. रौद्र आणि बीभत्स यांना असे बाजूला सारल्यामुळे पुढील करुणाला वाव मिळतो. घोड्यावरून प्रेत येते आणि गाव मुके होते. काय घडले हे सर्वांना दिसते, ज्याचा मुलगा गेला त्याला तेवढे दिसत नाही. इमामसाहेब त्या शांततेविषयी विचारतात तेव्हा उत्तर ठाऊक असलेला प्रेक्षकही गावकऱ्यांइतकाच गप्प असतो. (तो प्रश्न पुढे थट्टेचा वाक्प्रचार झाला. माझे विद्यार्थी तो आधी विनोद म्हणून ऐकतात आणि मग कधीतरी चित्रपट पाहतात.) जय-वीरूला गब्बरच्या हवाली करावे, असा गावाचा कल असतो. ठाकूरच्या शब्दाने तो बदलत नाही. तो बदलतो इमामसाहेबांच्या बोलण्याने, आणि लगेच ते नमाजाला निघतात. शोकाचे अनुभाव असे आवरले गेल्याने तो शोक प्रेक्षकाकडे उरतो. नायक गावात राहणार की नाही, याचा निर्णयही येथे शस्त्र न धरणारा माणूस करतो, हे मारधाडपटाच्या संकेतात बसत नाही.

एवढे विश्लेषण मला पुरेसे वाटत असे. पण लहानपणी कॅम्प चारमध्ये केबलवर हा चित्रपट लागला, की शेजारच्या सिंधी आजी पापड लाटत लाटत पाहायला बसत. गोळीबारात त्यांचे लाटणे थांबत नसे. अहमद घरातून निघे, तेव्हा मात्र त्या उठून आत जात. प्रेत गावात येण्याच्या कितीतरी आधी. कारण त्यांनी कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

त्यांच्या उठून जाण्यामुळे मी पुढे तो निरोपाचा प्रसंग पुन्हा वाचला. जबलपूरच्या बिडी कारखान्यातील नोकरीला जाण्याची अहमदची इच्छा नसते. अंध बापाला एकटे सोडवत नाही, म्हणून तो अडून असतो. मुलाचे भले व्हावे म्हणून बाप आग्रह धरतो, इतरांकरवी त्याला समजावतो. म्हणजे बापाच्या खांद्यावरील मुलाच्या जनाज्याचे ते प्रसिद्ध ओझे वाहणारा माणूस केवळ दुर्दैवी नाही; त्या मृत्यूच्या वाटेवर मुलाला मायेनेच धाडणारा तो आहे. कोणाला कोठे पाठवावे, कोणी मागे राहावे, असे निर्णय ज्या घरांनी घाईत घेतले, त्यांना करुणाचा आलंबनविभाव निरोपातच सापडला असेल, तर ते चुकीचे वाचन म्हणता येणार नाही. आपण अभ्यासक मात्र प्रेताच्या दृश्यापाशीच थांबत आलो. इमामसाहेब गावकऱ्यांशी बोलतात, इज्जतीच्या मरणाविषयी बोलतात, आणखी मुलगे का दिले नाहीत हे खुदाला विचारणार असल्याचेही सांगतात. आपणच त्याला पाठवले, हे मात्र ते कोठेही म्हणत नाहीत.