कोळंबीच्या तळ्यात प्रतिजैविके का वापरू नयेत?

सिंधुदुर्गात मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या खाड्यांकाठी निमखाऱ्या पाण्यात कोळंबी संवर्धन होते. कोळंबी खाद्य घेईनाशी झाली, मर दिसू लागली की खाद्यात प्रतिजैविक मिसळण्याचा मोह होतो. तो टाळा.

औषध लागू का पडत नाही?

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूमुळे होतो, तर ईएचपी हा सूक्ष्म परजीवी आहे. दोन्हींवर प्रतिजैविक चालत नाही. व्हिब्रिओ जिवाणू आहे. पण आजारी कोळंबी खाद्यच घेत नाही, त्यामुळे औषध मुख्यतः निरोगी कोळंबीच्या पोटात जाते.

अंश: माल नाकारला जाण्याचे कारण

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना कोळंबी संवर्धनात बंदी आहे. युरोपीय संघात २०२२ च्या अखेरपासून नायट्रोफ्युरानच्या अंशांसाठी ०.५ पीपीबी ही मर्यादा आहे. एक पीपीबी म्हणजे एक टन कोळंबीत एक मिलिग्रॅम. म्हणजेच ४ टन मालात सगळे मिळून २ मिलिग्रॅम अंशही माल नाकारायला पुरेसे ठरतात. हे अंश मांसात घट्ट बांधले जातात; शिजवूनही जात नाहीत.

प्रतिकारक्षम जिवाणू: खाडीपर्यंत जाणारा धोका

औषधाने कमकुवत जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात. तळ्याचे पाणी सोडले की ते खाडीत जातात. कालवे, तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यामुळे जिवाणू त्यांच्यात साठतात. नीट शिजवल्यास जिवाणू मरतात. पण कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास, किंवा माल हाताळताना जखम झाल्यास माणसाला संसर्ग होऊ शकतो. असा संसर्ग नेहमीच्या औषधाने लवकर बरा होत नाही.

काय करावे?

- रोगमुक्त तपासणी झालेलेच बीज सोडा.
- घटक न छापलेले 'टॉनिक' किंवा प्रोबायोटिक घेऊ नका. खाद्य व औषधांची बिले, बॅच क्रमांक जपून ठेवा.
- कोंबडीखत टाळा. त्यातून औषधांचे अंश येऊ शकतात.
- डोळ्यांच्या काही मलमांत क्लोरॅम्फेनिकॉल, तर जखमेच्या काही मलमांत नायट्रोफ्युराझोन असते. असे मलम लावलेल्या कामगाराला खाद्य किंवा माल हाताळू देऊ नका.
- मर दिसताच खाद्य कमी करा, पहाटे विरघळलेला प्राणवायू तपासा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या. निदानासाठी रत्नागिरीच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो.
- रोगट तळ्याचे पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक केल्याशिवाय खाडीत सोडू नका.
- निर्यातीचा माल असल्यास काढणीआधी एमपीईडीएच्या प्रयोगशाळेतून अंश तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. सागरी किनारा मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडील नोंदणी चालू ठेवा.

रोग आल्यास एका हंगामाचे नुकसान होते. अंश सापडल्यास मात्र खरेदीदाराचा विश्वास जातो, आणि तो पुढच्या हंगामात लगेच परत मिळत नाही.