गल्ला आणि महापौराची खुर्ची

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या भांडीबाजारात आमच्या आजोबांच्या दुकानी एक संवाद ठरलेला असे. चोपड्यांची पूजा आटोपली, पेढे वाटून झाले, की ओट्यावरचा कोणीतरी म्हणावयाचा, "तात्या, यंदा उभे राहाच. नगराध्यक्ष करून टाकू तुम्हाला!" आजोबा हातातल्या कळशीवर टिचकी मारीत आणि म्हणत, "दवाखान्याला पिंपे दिलीत, त्यांचे बिल यायचे आहे. बिल सोडू, की खुर्ची सोडू?"

मला तो विनोद वाटे. पुढे कायदे चाळताना उमगले, की त्यात विनोद थोडा आणि व्यवहार पुष्कळ होता. महापालिकांच्या १९४९ च्या कायद्याप्रमाणे, पालिकेच्या ठेक्यात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध आहे, त्याला सभासद होता येत नाही. गावात नाव असलेला व्यापारी पालिकेला माल पुरविणाराही असावयाचा; म्हणजे उमेदवारीच्या आधी त्याला आपली वहीच तपासावी लागे.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. अशा सभागृहांत वकील आणि दुकानदार यांची चढाओढ जुनीच. वकिलाला बोलता येते, दुकानदाराला माणसे ओळखता येतात. माझे मत विचाराल तर दुसरे अधिक कठीण. १९७४ साली राज्यातील नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडले. त्या वेळी दुकानदाराला सगळ्या गावाकडे मत मागता आले.

पण १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि भोवतालची खेडी मिळून महापालिका झाली, आणि हिशेब बदलला. महापौर गाव निवडीत नाही, नगरसेवक निवडतात. आधी आपला वॉर्ड जिंकावयाचा, मग पक्ष, मग सभागृह. शिवाय पहिली दहा वर्षे कारभार प्रशासकाच्याच हाती होता. १९९२ मध्ये निवडणूक झाली आणि शांतारामबापू वावरे पहिले महापौर झाले.

बरे, खुर्ची मिळाली तरी किल्ल्या कोणाकडे? आयुक्ताकडे, आणि आयुक्त सरकारने पाठविलेला! ही व्यवस्था मुंबईच्या १८८८ च्या कायद्यापासूनची. सकाळी स्वतःच्या हाताने गल्ला उघडणाऱ्या माणसाला ही गोष्ट पचणे अवघड. महापौराने सभा चालवावी, पाहुण्यांचे स्वागत करावे. खर्चाच्या कागदावर सही दुसऱ्याची. तरीही लोक त्या खुर्चीसाठी जिवाचे रान करतात. मान हासुद्धा एक नफाच आहे, फक्त तो वहीत मांडता येत नाही.

या वाटेने वर चढलेला सर्वांत ठळक माणूस नाशिकचाच, पण चढला मुंबईत. छगन भुजबळ यांचा जन्म १९४७ साली नाशिकला झाला. आईवडील लहानपणीच गेले. आईच्या मावशीने त्यांना माझगावात वाढविले. भायखळ्याच्या मंडईत त्यांनी भाजी विकली. १९७३ मध्ये ते शिवसेनेकडून नगरसेवक झाले आणि १९८५ मध्ये शिवसेनेने मुंबई पालिका जिंकली तेव्हा महापौर. पुढे आणखी एकदा त्यांना तो मान मिळाला. नंतर त्यांनी पक्ष बदलला, उपमुख्यमंत्रीपद भूषविले आणि २००४ पासून येवल्यातून ते विधानसभेत निवडून येत गेले. त्यांच्या राजकारणाविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील. भाजीच्या पाट्यांपासून महापौराच्या दालनापर्यंतचे अंतर मात्र कोणीही मोजून पाहावे.

नाशिकला २०२२ च्या मार्चात नगरसेवकांची मुदत संपली आणि पुन्हा प्रशासक आला. लागोपाठ कित्येक दिवाळ्या महापौराविना गेल्या. भांडीबाजारातल्या ओट्यांवर तेव्हाही "उभे राहा" चालूच होते म्हणे. कशाला उभे राहावयाचे, हे मात्र कोणी सांगत नव्हते.

१९८५ साली वर्तमानपत्रात मुंबईच्या महापौराची बातमी आली, ती मी आजोबांना वाचून दाखविली. त्यांनी चष्मा काढून पुसला, मग विचारले, "आणि मंडईतला गाळा आता कोण बघतो रे?"