सॉफ्टवेअरवर जकात नसते

माणमध्ये, म्हणजे आपल्या आयटी पार्कच्या फेज थ्रीत राहून नाटक बघायचं असेल तर काय करायचं? सोपं आहे, दुपारीच निघायचं :) थट्टा सोडा, पण हायवेच्या पश्चिमेला हिंजवडी-मारुंजी-माण पट्ट्यात सार्वजनिक नाट्यगृह एकही नाही. हायवेच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिकेची मात्र पाच आहेत: चिंचवडचं रामकृष्ण मोरे, भोसरीचं अंकुशराव लांडगे, संत तुकारामनगरचं अत्रे रंगमंदिर, पिंपळे गुरवचं निळू फुले आणि प्राधिकरणातलं गदिमा.

आता पिंपरी-चिंचवड काही मुळात नाटकवाल्यांचं गाव नव्हे. १९५४ ला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात बजाज आणि टेल्को. लोक आले ते पाळीवर कामाला. हौस मात्र होती. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा असायच्या, दिवसभर लेथवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी तोंडाला रंग लावायचा. पण चांगलं थिएटर म्हटलं की पुणं, आणि तिथलं बालगंधर्व उघडलं १९६८ साली.

मग १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महापालिका, आणि हातात आली जकात! नाक्यावरून आत शिरणारं पोलाद, सुटे भाग, कच्चा माल, सगळ्यावर पैसे. श्रीमंत महापालिका म्हणून जो बोलबाला झाला तो याच जोरावर. नाट्यगृह हा काही नफ्याचा धंदा नाही. भाडं हौशी संस्थांना परवडेल इतकं ठेवायचं, तर तोटा कुणीतरी सोसावा लागतो. इथे तो ट्रकांनी सोसला असं मी म्हणतो. २०१३ मध्ये जकात गेली, पण तोवर बरीचशी नाट्यगृहं उभी राहिली होती. जानेवारी २०२४ मध्ये जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली शंभरावं नाट्यसंमेलन या कामगारनगरीत भरलं, ते काही आकाशातून पडलं नाही.

आपल्याकडे काय झालं? एक तर कोडवर जकात लागत नाही. असती तरी उपयोग नव्हता, कारण १९९७ च्या हद्दवाढीत वाकड महापालिकेत गेलं, हिंजवडी-माण बाहेरच राहिलं. पार्क एमआयडीसीचा, आणि एमआयडीसीचं काम उद्योगांना प्लॉट, रस्ता, पाणी देणं. ग्रामपंचायतीची ऐपत ती किती. पीएमआरडीए आली २०१५ मध्ये, तोवर टॉवर उभे होते. थोडक्यात, 'संध्याकाळ' ही रिक्वायरमेंट कुणाच्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हती.

ती जागा मल्टिप्लेक्सने घेतली. २००१ पासून राज्याने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली, म्हणजे सरकारी मदत इथेही होतीच, फक्त वेगळ्या खिशात गेली. मी मॉलविरोधी वगैरे नाही हां. वाकडला २०२३ मध्ये उघडलेल्या मॉल ऑफ द मिलेनियममध्ये माझेही वीकेंड गेलेत. पण ऑफिसातल्या चार जणांनी एकांकिका बसवली, तर तिचा प्रयोग फूड कोर्टात करायचा का?

गाववाल्यांचं मात्र असं अडत नाही. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची जत्रा चैत्र पौर्णिमेला भरते, बगाड निघतं, सगळी भावकी गोळा होते. त्यासाठी ना जकात लागली ना एफएसआय. आपण तिथे फार तर ट्रॅफिक जाम झाला म्हणून कुरकुरतो. असो.

ही गावं महापालिकेत घ्यावीत की नाही यावर भरपूर बोलून झालंय. रस्ते, पाणी, कचरा... बरोबरच आहे. नाट्यगृहाचा विषय त्यात मला तरी कधी ऐकू आला नाही. खरं तर जागा आत्ताच राखून ठेवायला हवी. इथल्या जमिनीचे भाव बघता दहा वर्षांनी कोण देणार?

तोवर मेट्रोचा आधार. माण ते शिवाजीनगर कोर्ट असा साधारण २३ किलोमीटरचा मार्ग, डेपो आपल्या माणमध्येच. कोर्टाला गाडी बदलली की दोन स्टेशनांवर संभाजी उद्यान, आणि तिथे जवळच बालगंधर्व. फक्त रात्री साडेनऊचा प्रयोग सुटतो बारा-साडेबाराला. शेवटची गाडी त्यानंतरची हवी, एवढी तरी रिक्वायरमेंट कुणीतरी लिहून ठेवा.