लोणारचा प्रश्न

अमरावतीचा दिवाणखाना असो वा अकोल्याची ओसरी, चार मंडळी जमली कीं एकमेकांस शास्त्रीय प्रश्न घालण्यांत मोठी मौज असते. आम्हींही ती पुष्कळ लुटली आहे. मात्र आमच्या वऱ्हाडांतीलच एका प्रश्नानें उत्तर देणारापेक्षां प्रश्न घालणारासच अधिक वेळां फसविलें आहे: लोणारचें विवर कशानें झालें?

पुराणिक सांगत, लवणासुरास विष्णूनें मारिलें तें हें स्थळ. १८२३ मध्यें अलेक्झांडर नामक इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. भोंवतालचा खडक ज्वालामुखीचा, तेव्हां विवरही ज्वालामुखीचेंच, असें पुढें भूगर्भवेत्त्यांनीं ठरविलें. अनुमान सरळ होतें, तेंच नडलें. १९२३ मध्यें अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें, त्या काळीं कोणी 'उल्का' म्हटलें असतें तर त्यास गुण मिळाले असते कीं नाहीं, शंकाच आहे.

निकाल लागला तो १९७३ मध्यें. विवराच्या तळाला भोंकें पाडून काढलेल्या नमुन्यांत, प्रचंड आघातानेंच होणारी काच फ्रेडरिक्सन प्रभृतींस आढळली, आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें तें विवर उल्केच्या खातीं जमा झालें.

पण वय? 'सुमारें पन्नास हजार वर्षें' हें उत्तर पुष्कळांस पाठ होतें. २०११ मध्यें आर्गॉनच्या मोजणीनें तें सुमारें पांच लक्ष सत्तर हजारांवर नेलें. आमच्या प्रश्नांच्या वहींत मात्र जुनाच आंकडा राहिला होता. परवां घरच्याच एका मुलानें तो खोडला, आणि आम्हीं मुकाट्यानें त्यास एक गुण दिला.