छतावरचा कॅनरी

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं मेली. जॉन स्कॉट हॉल्डेन हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ तपासासाठी तिथे गेला. मृतदेह पाहताना त्याच्या लक्षात आलं, की यातल्या बहुतेकांना स्फोटाने मारलेलंच नाही. जीव जावा अशी जखम त्यांच्या अंगावर नव्हती. त्वचेवर मात्र विचित्र गुलाबी झाक होती. स्फोटानंतर बोगद्यांत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला होता.

कोणतंही इंधन जळताना हवा अपुरी पडली, की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला २०० पटींहून अधिक घट्ट धरतं. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

हॉल्डेनने हा वायू आधी स्वतः हुंगून पाहिला होता. किती वेळाने काय होतं, याच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यातून त्याने एक साधा उपाय सुचवला. छोट्या प्राण्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण आपल्यापेक्षा फार वेगवान असतं, त्यामुळे विषारी हवेचा परिणाम त्यांच्यावर आधी दिसतो. म्हणून खाणीत उतरताना सोबत उंदीर किंवा छोटा पक्षी न्यावा. कॅनरी पक्षी जास्त सोयीचा ठरला. तो दांडीवरून खाली पडला, की कुणालाही दिसायचं. पुढे तर असे पिंजरे निघाले, ज्यांना वर ऑक्सिजनची छोटी नळकांडी जोडलेली असे. पक्षी पडला, की झडप बंद करायची, ऑक्सिजन सोडायचा आणि पक्ष्याला घेऊन बाहेर पळायचं. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी हटवून इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचा निर्णय थेट १९८६ मध्ये झाला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. अ‍ॅपची नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधी मोजक्या लोकांना देऊन बघायची, या पद्धतीला आमच्याकडे आजही ‘कॅनरी’ म्हणतात. पण मला त्या पक्ष्याची वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पक्षी जिवंत आहे, हे सतत दिसत असतं. तो हलतो, दाणे टिपतो. आजारी पडून मेला तरी खाणकामगार सावधच होणार. म्हणजे हा गजर बिघडला, तरी तो धोक्याच्या बाजूने बिघडत नाही. यंत्राचं तसं नसतं. सगळं ठीक असलेलं यंत्र गप्प असतं आणि मेलेलं यंत्रही गप्पच असतं. घरगुती अलार्मचा पुढचा सगळा इतिहास मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो.

धुराचा अलार्म सापडला तो चुकून. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर येगर हा स्विस भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होता. वायू सोडला, तरी काटा हलेना. वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा हलला. गंमत म्हणजे पुढे अमेरिकेत ड्युएन पिअर्सललाही हा शोध असाच लागला. तो स्थिर विद्युत घालवणाऱ्या यंत्रावर काम करत होता आणि सहकाऱ्याच्या सिगारेटच्या धुराने मीटर बिघडवला. १९६५ मध्ये पिअर्सल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी बॅटरीवर चालणारा, घरात लावता येईल असा अलार्म तयार केला.

या प्रकारच्या अलार्ममध्ये अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा अतिसूक्ष्म कण असतो. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून किंचितसा विद्युतप्रवाह वाहत राहतो. धुराचे कण आत शिरले, की तो प्रवाह घटतो आणि अलार्म वाजतो. दुसरा प्रकार प्रकाशावर चालतो. अंधाऱ्या खोलीत कवडसा आला, की एरवी न दिसणारी धूळ चमकते ना, तेच तत्त्व. डबीच्या आत प्रकाशाचा झोत असतो. धूर आला, की उजेड विखुरतो आणि बाजूच्या सेन्सरवर पडतो. पहिला प्रकार भडकलेली आग लवकर ओळखतो, दुसरा धुमसणारी. गादी, सोफा, उशी तासन्‌तास धुमसत राहतात. म्हणून झोपायच्या खोलीजवळ दुसरा बरा, आणि दोन्ही असले तर उत्तम.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर हे अलार्म स्वस्त झाले. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या दहातल्या नऊ घरांत ते पोचले होते. तरीही आज तिथे घरच्या आगीत मरणाऱ्या पाचांपैकी साधारण तिघे अशा घरांतले असतात, जिथे अलार्म नव्हता किंवा चालत नव्हता. न चालण्याचं मुख्य कारण म्हणजे बॅटरी नसणं, काढून ठेवलेली असणं किंवा संपलेली असणं. आणि ती मुद्दाम काढतात, कारण अलार्म नको तेव्हा वाजतो.

हे आपल्याला नवीन नाही. अमेरिकेत एमएस करायला गेलेल्या माझ्या मित्रांच्या ग्रुपवर पहिल्या आठवड्यातच सल्ला फिरला होता: फोडणी द्यायच्या आधी अलार्मला शॉवर कॅप घाल. मोहरी तडतडली, मिरची पडली, की छतावरची डबी बोंब मारणार आणि बिल्डिंगभर शोभा होणार. कॅप मात्र जेवण झाल्यावर काढायची राहते. पुढचे सहा महिने ती डबी पक्षी नसलेल्या पिंजऱ्यासारखी लटकत असते. खरा उपाय सोपा आहे. अलार्म शेगडीपासून निदान १० फूट लांब हवा आणि स्वयंपाकघराजवळ प्रकाशावर चालणारा हवा.

उगाच वाजणाऱ्या अलार्मचा मोठा धडा शिकागोने घेतला. १९९४ च्या ऑक्टोबरपासून तिथे घरोघरी कार्बन मोनॉक्साइड अलार्म सक्तीचा झाला. त्याच डिसेंबरात थंड, पडलेल्या हवेत गाड्यांचा धूर शहरावर साचून राहिला. अलार्म ओरडू लागले. एका दिवसात अग्निशमन दलाला हजाराहून अधिक फोन आले. यंत्रं खोटं बोलत नव्हती. वायू होता, पण जीव जाईल इतका नव्हता. त्यानंतर मानकं बदलली. नुसतं प्रमाण न बघता ते किती वेळ टिकलं, हेही बघायचं ठरलं. हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग वायू असेल, तर ४ ते १५ मिनिटांत वाजलंच पाहिजे. ७० भाग असेल, तर १ ते ४ तासांत. ३० भाग असेल, तर महिनाभरही वाजायचं नाही. रक्तात विष जसं साचत जातं, तसंच हे गणित आहे. रात्री दोन वाजता सर्व्हरच्या अलर्टने उठणाऱ्या आम्हा लोकांना ते लगेच पटतं. दर मिनिटाला किंचाळणारा अलर्ट चौथ्या दिवशी सगळे म्यूट करतात.

आपल्या घरांत हा प्रश्न बाथरूममध्ये आहे. दार-खिडकी बंद, आत गॅस गीझर. ज्योत खोलीतली हवा संपवते आणि मग कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. अंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतच असतात. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचंही हेच होतं. इथे पहिला उपाय अलार्म नाही. गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवणं हा आहे. अलार्म त्यानंतर.

अलार्म कुठे लावायचा, हे समजायला पुन्हा हॉल्डेनच्याच घरी जाऊ. तो आपल्या लहान मुलाला खाणीत घेऊन जायचा. एकदा त्याने मुलाला कमी उंचीच्या बोगद्यात उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात मुलाचे पाय लटपटले आणि तो खाली बसला. खाली हवा ठीक होती. मिथेन हलका असतो आणि वर साचतो, हे त्याला जन्मभरासाठी कळलं. तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन. हा मोठा जनुकशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

त्याचा धडा आपल्या भिंतींनाही लागू आहे. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो, तेव्हा त्याचा डिटेक्टर वर, छताजवळ. सिलिंडरचा गॅस जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ. धूर वर चढतो, त्याचा अलार्म छतावर. कार्बन मोनॉक्साइडचं वजन हवेइतकंच असतं, तो खोलीभर मिसळतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ, डबीसोबतच्या कागदावर सांगितलेल्या उंचीवर. ही वेगवेगळी यंत्रं आहेत, एक दुसऱ्याचं काम करत नाही. घेताना डबीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

धुराचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, माणसं मोजा, मग ११२ ला फोन करा. सिलिंडरच्या गॅसचा वास आला, तर दिव्याच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि १९०६ वर कळवा.

खाणकामगार पक्ष्यांशी शीळ घालून बोलायचे. त्यांना रोज दाणापाणी द्यावं लागायचं, म्हणून पक्षी ठीक आहे की नाही हे रोज कळायचं. छतावरच्या डबीला दाणे लागत नाहीत, आणि तिचा धोका तिथेच आहे. महिन्यातून एकदा तिचं टेस्टचं बटण दाबायचं. मधूनच टिक टिक करू लागली, तर ती बॅटरी मागते आहे. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, कार्बन मोनॉक्साइडचा त्यावर छापलेल्या तारखेला. एवढं केलं, की ती गप्प असताना आपण निवांत झोपू शकतो.