कॉलेजातले कार्यक्रम आणि आपली घडण



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत इतिहासाचे एक पान आम्ही मांडत आहोत. आम्ही काही पदवीधर नाही. गिरणीच्या साचेखात्यात पाळ्या करता करता, विहारातल्या कपाटातली पुस्तके वाचून जे शिकलो तेच आमचे कॉलेज. आता गिरण्यांचे भोंगे गप्प झाले आणि आपल्या वस्तीतली मुलेमुली खऱ्या कॉलेजात जाऊ लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु घरोघरी एक वाक्य आमच्या कानावर येते : “बाबा, लेक्चर करायचं आणि सरळ घरी यायचं. गॅदरिंग, डिबेट, नाटक, कॅम्प या भानगडीत पडू नको.”

आईबापांचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. फी भरताना काय हाल होतात ते आम्हाला ठाऊक आहे. पोरगं नापास झालं तर दुसऱ्यांदा फी भरायची ऐपत नसते. तरी पण आपला इतिहास काय सांगतो ते एकदा पाहू या, म्हणजे ही भानगड आहे की शिक्षणाचाच भाग आहे, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे कितीतरी विषय ऐकले. पदवीला लागेल तेवढेच घेऊन ते थांबले नाहीत. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ वर्षांचे. हा निबंध पुढे मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. जात कशी निर्माण झाली आणि स्त्रीवरची बंधने तिच्या मुळाशी कशी आहेत, हा विचार त्यांनी जगासमोर पहिल्यांदा मांडला तो अशा विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली त्यांच्या समग्र लेखनाचा पहिला खंड काढला, त्यातही हा निबंध आहे.

पुढे लंडनला शिकत असताना त्यांनी तेथील विद्यार्थी संघटनेपुढे प्रातिनिधिक सरकारच्या जबाबदारीवर निबंध वाचला आणि त्यावरून खळबळ उडाली, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. दिवसभर ग्रंथालयात बसून अभ्यास करणारा हा विद्यार्थी उपाशीपोटी राहत होता, तरी चार लोकांत उभे राहून आपले मत मांडायची संधी त्याने सोडली नाही. आता सांगा, बाबासाहेब “भानगडीत” पडले होते का?

हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी हीच गोष्ट आपल्या मुलांसाठी केली. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. नुसती भाकरी आणि झोपायला जागा देऊन सभा थांबली नाही. त्या वसतिगृहातल्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले आणि महार हॉकी क्लब काढला. १९२५ सालचा विचार करा. ज्यांना शाळेच्या पडवीत बसवले जात होते, पाणी वरून ओतले जात होते, त्यांच्या पोरांच्या हातात हॉकीची स्टिक आणि छापील मासिक! पाटी-पुस्तकाबरोबर खेळ, लेखन आणि संघटन पाहिजे, हे त्या काळीच ओळखले गेले होते.

त्यानंतर ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सकाळी भरणाऱ्या वर्गांमुळे नोकरी करून शिकणाऱ्या कितीतरी लोकांची सोय झाली. सकाळी लेक्चर आणि नंतर ऑफिस किंवा कारखाना, अशी कसरत करणाऱ्या माणसाला कार्यक्रमाला वेळ कुठला, असे कोणालाही वाटेल. पण त्याच सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांचे पार्लमेंट चालत होते. मुलेच मंत्री होत, मुलेच विरोधी पक्ष होत, बिल मांडत आणि त्यावर वाद घालत. १९५० च्या जानेवारीत खुद्द बाबासाहेबांनी, देशाचे कायदेमंत्री असताना, या विद्यार्थी पार्लमेंटपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. दिल्लीच्या संसदेत ज्या बिलावरून रान उठले होते, ते बिल त्यांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगितले. मुलांना लहान समजून त्यांनी बाजूला सारले नाही. आपल्या लोकांना राज्य चालवायचे असेल तर सभागृहात कसे बोलावे, नियमाने कसे भांडावे, याची तालीम कॉलेजातच झाली पाहिजे, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

याच सुमारास, १९५० साली, सिद्धार्थ साहित्य संघ निघाला. त्यातून पुढे दलित साहित्य संघ उभा राहिला आणि २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. आज जगभरातील विद्यापीठांत दलित साहित्य शिकवले जाते. त्याची एक मुळी या विद्यार्थी आणि तरुणांच्या मंडळात आहे.

आता मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राजवटीत शिक्षणात मागे राहिलेल्या या मुलखात, औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) जून १९५० मध्ये सोसायटीचे कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. या कॉलेजला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. आपण विहारात ‘मिलिंद प्रश्न’ ऐकतो. मिलिंद राजा भिक्खू नागसेनांना एकामागून एक प्रश्न विचारतो आणि पटल्याशिवाय सोडत नाही. कॉलेजला नाव द्यायचे तर प्रश्न विचारणाऱ्याचे दिले, आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचे! आमच्या मते मिलिंद कॉलेजचा सगळा अभ्यासक्रम या दोन नावांत आला.

मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. १९५५ साली ते कॉलेजात बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा हेच नाटक दीक्षेला आलेल्या जनसमुदायापुढे झाले. कॉलेजातले नाटक धम्मक्रांतीच्या मैदानावर पोहोचले! आपला पूर्वज कसा होता, त्याच्यावर काय गुदरले, हे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला त्या नाटकाने एका रात्रीत दाखवले. तेच काम पुस्तकाने करायचे तर किती वर्षे लागली असती?

पुढे याच मिलिंदच्या वातावरणात प्रा. म. ना. वानखेडे, प्रा. गंगाधर पानतावणे यांच्यासारखे शिक्षक आणि लिहिणारे विद्यार्थी एकत्र आले. १९६७-६८ मध्ये ‘अस्मिता’ आणि नंतर ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक निघाले. पानतावणे सरांनी ते कित्येक वर्षे चालवले आणि खेड्यापाड्यातल्या नव्या लेखकांना त्यात जागा दिली. मुंबईत वडाळ्याचे सिद्धार्थ विहार वसतिगृह असेच गजबजलेले होते. १९७२ साली दलित पँथर निघाली, तिच्या तरुणांचा या वसतिगृहाशी जवळचा संबंध होता. राजा ढाले यांचे नाव तर या वसतिगृहाशी कायमचे जोडलेले आहे. रात्र रात्र चर्चा, कवितावाचन, पत्रके काढणे, हे सगळे तिथे चाले.

आणि नामांतराचा लढा आपण कसा विसरू? मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली सुरू झाले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. १९७९ साली लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे! या लढ्यात विद्यार्थी पुढे होते. सभा घ्यायची, निवेदन लिहायचे, पोलिसांशी बोलायचे, जखमीला दवाखान्यात न्यायचे, वर्गणीचा हिशोब ठेवायचा, ही कामे करणारी पोरे कुठे तयार झाली होती? वर्गातल्या बाकावर नक्कीच नव्हे.

आता आईबापांच्या मनातली खरी भीती आम्ही बोलून दाखवतो. ती केवळ नापास होण्याची नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला गेला. त्याला आणि त्याच्या चार सोबत्यांना वसतिगृहातून बाहेर काढले होते आणि तो आंबेडकर विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता होता. मे २०१९ मध्ये आपल्या मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी मुलगी गेली. ही दोन नावे घेतली की आईच्या पोटात कालवाकालव होते आणि ती म्हणते, “माझं लेकरू कशात नको.” या मातेला आम्ही काय उत्तर देणार? उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. पण एक गोष्ट नम्रपणे सांगतो. जात विचारणारा माणूस कॉलेजात आधीपासूनच बसलेला असतो. आपले मूल कार्यक्रमात गेले म्हणून तो येतो असे नाही. मूल खाली मान घालून आले-गेले तरी त्याला तो गाठतोच, आणि तेव्हा ते एकटे असते. ज्याला चार मित्र आहेत, ज्याला शिक्षक नावाने ओळखतात, ज्याला तक्रार कुठे आणि कशी लिहायची ते माहीत आहे, त्याच्यापाशी निदान हाक मारायला माणसे असतात. रोहितची आई आणि पायलची आई या दोघींनी २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. दुःखातसुद्धा त्या एकट्या राहिल्या नाहीत. यातून आपण शिकायचे.

आम्ही गिरणीत हेच पाहिले. बदली कामगार म्हणून लागलेला पोरगा गेटसभेला थांबला, युनियनच्या चार माणसांत बसला, की महिन्याभरात त्याला पगारपत्रक वाचता येई, फंड कळे, हक्काची रजा कळे. जो पाळी सुटली की सरळ घर गाठी, त्याला वर्षानुवर्षे जॉबर सांगेल तेच खरे वाटे. कॉलेजचेही तसेच आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म कधी निघतो, फी-माफी कोणाला, समाजकल्याणच्या वसतिगृहात अर्ज कसा करायचा, ही माहिती नोटीस बोर्डावर असते खरी, पण ती पोरांना कळते ती वरच्या वर्गातल्या ओळखीच्या मुलाकडून. ही ओळख होते कार्यक्रमात.

राष्ट्रीय सेवा योजनेचेच पाहा. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली, ४० हजार विद्यार्थी घेऊन. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य आणि एक सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. त्या सात दिवसांत सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवतात, एकाच फावड्याने माती ओढतात. आपली मुलगी तिथे गटप्रमुख झाली, तिने पन्नास माणसांच्या जेवणाचा हिशोब लावला, गावच्या सरपंचाशी चार शब्द बोलली, तर मुलाखतीच्या टेबलासमोर तिचे पाय लटपटणार नाहीत. मुलींना तर आम्ही आवर्जून सांगू की मागे राहू नका. आणि आईबापांना सांगू की शिबिराला मुलाला पाठवता, तसेच मुलीलाही पाठवा.

मात्र याला एक मर्यादा आहे. अभ्यास बुडवून कार्यक्रम करणे म्हणजे पाया सोडून कळस बांधणे. बाबासाहेबांनी चर्चासत्रात निबंध वाचला तो ग्रंथालयात बसून तयार केला होता. नुसत्या घोषणा देऊन तो लिहिला गेला नाही. तसेच, कॉलेजात जाऊन कोणाच्या तरी झेंड्यामागे डोळे मिटून धावणे हाही सहभाग नव्हे. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते लक्षात ठेवावे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः तपासून पाहावे आणि मगच स्वीकारावे.

ही परंपरा आपल्याला नवी नाही. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्युएन त्संग नालंदा विद्यापीठात राहिला. तेथे दिवसभर प्रश्नोत्तरे आणि चर्चा चालत आणि प्रवेशासाठी आलेल्याला दारावरच कठीण प्रश्न विचारले जात, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या विहारांतूनच विद्यापीठे निघाली आणि त्या विद्यापीठांत चर्चा हाच अभ्यास होता.

म्हणून आमची विहार समितीला आणि आपणा सर्वांना विनंती आहे. वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची एक वही विहारात ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर त्यांच्यापैकी एकाने दहा मिनिटे कोणत्याही विषयावर बोलावे आणि इतरांनी प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षाला गेलेल्या प्रत्येक मुलामागे वरच्या वर्गातला एक मुलगा किंवा मुलगी सोबतीला द्यावी. वर्षावासात ग्रंथवाचन ज्येष्ठांनीच करावे असे नाही, एक दिवस या पोरांना वाचू द्यावे. यासाठी वर्गणी लागत नाही, एक सतरंजी आणि ऐकणारी माणसे पुरतात. विहारात बोलायला शिकलेले मूल कॉलेजच्या व्यासपीठावर घाबरणार नाही.

आणि संध्याकाळी मूल उशिरा घरी आले, “आज डिबेट होती” असे म्हणाले, तर त्याच्यावर रागावण्याआधी ताट वाढा आणि विचारा, “विषय काय होता? तू काय बोललास?” तेवढ्याने त्याला बळ येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!