लिंडमान यांचे प्रस्थान

घडीच्या कयाकमधून अटलांटिक महासागर एकट्याने ओलांडण्याचा पराक्रम १९२८ साली फ्रान्झ रोमर या जर्मन दर्यावर्दीने केला. परंतु पुढे न्यूयॉर्कच्या वाटेवर, त्याच वर्षीच्या वादळात तो नावेसह नाहीसा झाला. असे असताही डॉ. हानेस लिंडमान यांनी १९५६ साली तशीच नाव निवडली. लांबी जेमतेम सव्वापाच मीटर, लाकडी सांगाड्यावर ताणलेले रबरी लेपाचे कापड. सामान भरल्यावर पाय पसरून निजण्यापुरतीही जागा नव्हती.

आदल्या वर्षी ओंडका कोरून केलेल्या होडीतून ते हाच महासागर पार करून गेले होते. संकटात शरीराआधी मन खचते, हे त्यांना त्या सफरीत उमगले. त्यामुळे शिडे व अन्नपाणी यांच्या जुळवाजुळवीहून महत्त्वाची तयारी निराळीच होती. योहानेस शुल्ट्झ या जर्मन वैद्याची स्वयंसूचनेची पद्धत त्यांनी सहा महिने गिरविली : आपण पार पडणारच, दिशा पश्चिमेचीच, वाटेत मदत घ्यावयाची नाही. आपल्याकडे मुहूर्त साधण्यासाठी शेजारच्या घरी प्रस्थान ठेवीत; या गृहस्थांनी ते मनातच ठेवले. (कोणी यास नामस्मरण म्हटले तरी आमची हरकत नाही.)

२० ऑक्टोबरला कॅनरी बेटांतील लास पालमासहून ते निघाले. उत्तरार्धात वादळाने नाव उलटली. एक अख्खी रात्र त्यांनी तिच्या पालथ्या पाठीला बिलगून काढली. जागरणाने भास होऊ लागले, तरी दिशा चुकताच ‘पश्चिम’ हा शब्द आपल्याला भानावर आणी, असे त्यांनी पुढे नमूद केले. बहात्तराव्या दिवशी, ३० डिसेंबरला, ते सेंट मार्टिन बेटावर उतरले.